मुंबई-गोवा महामार्ग : दरडीचे आणि दिरंगाईचे गैरसमज

गणपतीला गावी निघालेला चाकरमानी वडखळच्या कोंडीत अडकला की महामार्गाचं निदान गाडीतच सुरू होतं. कोकणचा डोंगरच ठिसूळ. रेल्वेला जमलं ते यांना का जमत नाही? एक जाड भिंत घाला की विषय संपला. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच फसवं आहे.

आधी एक गैरसमज मोडून काढू, कारण तो सरकारी उत्तरांतही सोयीने डोकावतो. "डोंगर आहे, म्हणून काम रखडलं." पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पहिला टप्पा बघा. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. कर्नाळा आणि सुकेळीची खिंड सोडली तर वाटेत घाट म्हणावा असं काही नाही, भातखाचरं आहेत. इथलं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि याच सपाट टप्प्याने सगळ्यांना रडवलं. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी, कंत्राटदारांचा आटलेला पैसा ही त्याची कारणं. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात ती सापडणार नाहीत. उलट महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेल्यावर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर होतं.

डोंगराचा दोष सुरू होतो तो पुढे, कशेडी आणि परशुराम घाटात. तिथेही लोक दोष चुकीच्या जागी लावतात.

"कातळ आहे, तो कोसळेल कसा?" नुसता कातळ सहसा कोसळतही नाही. पण कोकणचा डोंगर म्हणजे एकसंध दगड नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असतो. वरच्या बाजूला लाखो पावसाळ्यांनी लाव्हाचा हा दगड, म्हणजे बेसॉल्ट, कुजवून त्याचा जांभा केला. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेणारा. त्याच्याखाली पुष्कळदा पांढुरकी-पिवळी चिकणमाती असते, ती पाणी खाली जाऊ देत नाही. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, पडलेला पाऊस जांभ्यातून उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि कडेला पाझर होऊन बाहेर येतो. कोकणातल्या कित्येक वाड्या अशा पाझरांच्या आधाराने वसल्या. डोंगर घसरतो तोही बहुधा याच रेषेवर. ज्या पाण्यावर वाडी जगते, त्याच पाण्यावर वरचा थर सरकतो. घाटातल्या इंजिनिअरला दगडापेक्षा पाण्याचा हिशेब जास्त करावा लागतो तो यासाठी.

"थोडा डोंगर कापला तर काय बिघडतं?" हे कागदावर काढून बघण्यासारखं आहे. डोंगराचा उतार 30 अंशांचा धरा आणि सगळी सपाटी कापूनच काढायची असं समजा. दुपदरी रस्त्यासाठी 7 मीटर रुंदी हवी, तर उभी कापलेली कड 4 मीटर उंच होते. चौपदरीसाठी 25 मीटर रुंदी घेतली की तीच कड 14 मीटरच्या वर जाते. उभी कड टिकणार नाही म्हणून ती 45 अंशांत तिरपी ठेवायची ठरवली, तर उंची होते 34 मीटर. म्हणजे दहा-अकरा मजली इमारत! शिवाय रस्त्याच्या कडेपासून आत आणखी 34 मीटर जमीन लागते आणि ती कुणाची तरी आंब्या-काजूची बाग असते. संपादन तेवढं झालेलं नसतं. मग कड उभीच राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. ज्या पायथ्यावर डोंगराचा भार टेकलेला होता, नेमका तोच आपण खरवडून नेलेला असतो.

अर्धी रुंदी कापून आणि अर्धी दरीकडे भराव टाकून मिळवता येते, पण जुनी जमीन आणि नवा भराव जिथे भेटतात तिथे पाणी शिरतं. दरीकडच्या लेनला लांबच लांब भेग दिसली की समजावं, भराव बसायला लागला आहे. हा त्रास घाटातच होतो असंही नाही. याच राष्ट्रीय महामार्ग 66 वर केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कूरियाड इथे मे 2025 मध्ये भातशेतीच्या मऊ जमिनीवरचा उंच भराव खचला. तिथे तर डोंगरही नव्हता.

आता लाडकी भिंत. "काँक्रीटची जाड भिंत घातली की डोंगर थांबतो." भिंत मातीला थोपवते हे खरं, पण तिच्या मागे साचलेलं पाणी वेगळ्याच हिशेबाने रेटतं. 5 मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी भरलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे साडेबारा टनांचा रेटा येतो. भिंत दुप्पट उंच, म्हणजे 10 मीटर केली तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, सुमारे 50 टन. मातीचा रेटा याशिवाय. म्हणून भिंतीच्या जाडीइतकीच तिला ठेवलेली भोकं महत्त्वाची असतात. पाणी मागे साचूच नये यासाठी खडीचा थर, डोंगरात आडवे खुपसलेले भोकांचे पाइप आणि सगळ्यात वर, कडेच्याही मागे, पावसाचं पाणी बाजूला काढणारं गटार लागतं. हे वरचं गटार स्वस्त असतं, रस्त्यावरून दिसत नाही आणि त्याचं उद्घाटन होत नाही. झाडाझुडपांनी ते बुजलं की महागडी भिंत रामभरोसे. जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती गबाळ्या दिसतात, पण त्यांच्यातून पाणी आपोआप निघून जातं, आणि कोकणात ही फार मोठी गोष्ट आहे.

"कोकण रेल्वेने 1998 मध्ये करून दाखवलं ना?" दाखवलं, आणि त्याबद्दल नमस्कारच करायला हवा. पण तुलना करताना दोन गोष्टी विसरतात. ती मुख्यतः एकेरी लाइन आहे; चौपदरी रस्त्याइतका रुंद डोंगर तिला कापावा लागला नाही. शिवाय रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून ती नव्वदहून अधिक बोगद्यांतून डोंगराच्या पोटातूनच गेली. आणि दरडी तिलाही चुकल्या नाहीत. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीला गाडी धडकून पन्नासच्या आसपास माणसं गेली. पेडणेच्या बोगद्याने बांधतानाच मऊ मातीपायी घाम फोडला होता. ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत ढासळली आणि जुलै 2024 मध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या. रेल्वेचं खरं शहाणपण वेगळंच आहे. ती दर पावसाळ्यात वेळापत्रक बदलते, गाड्यांचा वेग उतरवते, गस्त वाढवते. रस्त्याला पावसाळी वेळापत्रक नाही.

बोगदा म्हणजे रामबाण, हा समज पेडणेच्या उदाहरणातच निकालात निघतो. कशेडीचा सुमारे 2 किलोमीटरचा जोडबोगदा ही चांगलीच गोष्ट, पण त्याचं तोंडही शेवटी डोंगर कापूनच काढलेलं असतं. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर फ्रान्सने कड्याखालच्या किनारी रस्त्याच्या दरडींना कंटाळून रस्ताच समुद्रात नेला. 5.4 किलोमीटरचा तो पूल 2022 मध्ये खुला झाला. श्रीमंत देशालाही कधी कधी डोंगरापासून लांब जाणंच परवडतं.

राहिला तो सगळ्यात घातक गैरसमज : पाऊस उघडला की धोका टळला. मुरलेलं पाणी आत सावकाश उतरत राहतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हायवे 1 वर मड क्रीक इथे डोंगर खाली आला तो 20 मे 2017 रोजी, ओल्या हिवाळ्याचा पाऊस ओसरल्यावर. रस्ता पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला.

भर पावसात कापलेल्या कड्याखाली थांबणंही घातकच. आपल्याच महामार्गावर, कारवारच्या पुढे अंकोला तालुक्यातल्या शिरूर इथे 16 जुलै 2024 च्या सकाळी दरड आली ती कापलेल्या डोंगराखालच्या चहाच्या टपरीवर. टपरी चालवणारं कुटुंब आणि थांबलेले ट्रकवाले सापडले. मल्याळी चालकाचा एक ट्रक गंगावळी नदीच्या तळातून काढायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला.

तेव्हा या वर्षी गावी जाताना घाटात चहा प्यायचा असेल, धबधब्यापुढे फोटो काढायचा असेल, तर कापलेल्या कड्याखाली गाडी लावू नका. तिरकी झालेली झाडं, डोंगरातून अचानक येणारं गढूळ पाणी, रस्त्यावर सुटून आलेले बारके दगड दिसले तर तिथे थांबून मोबाइल काढू नका. पुढे निघा आणि 112 ला कळवा.