काट्याला शिक्का असतो, पेटीला?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात इलेक्ट्रॉनिक काटा लावायचा तर त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो आणि दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. हे आडत्याला ठाऊक असतं, तोलणाराला तर असतंच. पण गाळ्यातल्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं, वायफायच्या राउटरचं काय? शीतगृहातल्या तापमान नियंत्रकाचं? अशा बहुतेक पेट्यांच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर चालू असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकला की सेटिंगचं पान उघडतं, ते त्याचंच काम. कॅमेरेवाला ते एकदा उघडतो, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवतो आणि पुढच्या गाळ्यावर जातो.

तो सर्व्हर कोणता, हे गाळेवाल्याने विचारायचं कारण नाही. पेटी बनवणाऱ्याने मात्र स्वतःला विचारायला हवं. पुण्यात नियंत्रक आणि मीटर बनवणारे लहान उद्योग पुष्कळ आहेत. तिथे निवड बहुधा आकारावर होते: किती केबीत मावतो? माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, याची दुरुस्ती आज कोण करतं?

'बोआ' नावाच्या सर्व्हरची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. आटोपशीर, फुकट, म्हणून लोकप्रिय. त्याचं काम २००५ मध्येच थांबलं. पण चिप बनवणाऱ्यांच्या तयार सॉफ्टवेअर-संचांत तो राहून गेला आणि तिथून राउटर-कॅमेऱ्यांत उतरत राहिला. एप्रिल २०२२ मध्ये 'रेकॉर्डेड फ्युचर' या कंपनीने उत्तर भारतातल्या वीज भार प्रेषण केंद्रांवरच्या हल्ल्यांचा अहवाल दिला. हल्लेखोरांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या कॅमेरा आणि डीव्हीआरच्या आडून काम केल्याचं त्यात म्हटलं होतं. त्या धाग्यावरून मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये बोआकडे बोट दाखवलं. एका आठवड्यात त्यांना जगभर इंटरनेटवर उघडे असे दहा लाखांहून अधिक बोआ दिसले. म्हणजे काम बंद होऊन सतरा वर्षं झाल्यावर! पेटी विकणाऱ्या कित्येकांना तो आपल्या मालात आहे हेही माहीत नसणार.

मग सर्व्हर घ्यायचा कोणता? लिनक्सवर चालणारी पेटी असेल तर लाइटटीपीडी चांगला. लहान मायक्रोकंट्रोलरवर मोंगूस. मात्र मोंगूसचा परवाना नीट वाचावा: २०१३ मध्ये तो जीपीएल किंवा विकतचा झाला, आणि मोकळा परवाना हवा असणाऱ्यांनी त्यातूनच सिव्हेटवेब काढला. कोणताही घेतला तरी नको ते बंद ठेवायचं. २०१७ मध्ये गोअहेड सर्व्हरमध्ये सापडलेली गंभीर चूक सीजीआय या सोयीत होती; ती बंद ठेवणाऱ्यांना त्या चुकीचा त्रास नव्हता.

आता एचटीटीपीएस. ईएसपी३२सारख्या चिपमध्ये मेमरी ५२० केबी, आणि एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या कूटलेखनाचा एकेक रेकॉर्ड १६ केबीपर्यंत जातो; ओढाताण होते, पण जमतं. खरी अडचण प्रमाणपत्राची. गाळ्याच्या आतल्या पत्त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नाही, ब्राउझर लाल इशारा देतो आणि दिवाणजींना 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लागते. त्यापेक्षा वाईट म्हणजे हजार पेट्यांत एकच गुप्त किल्ली घालणं: एक पेटी उघडली की सगळ्याच उघडल्या. प्रत्येक पेटीला वेगळी किल्ली, वेगळा पासवर्ड आणि तो तळाच्या लेबलवर छापलेला, हा खर्च उत्पादकानेच सोसावा. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांच्या उपकरणांत सोपे सामाईक पासवर्ड बेकायदा ठरवले आहेत.

'आमचं यंत्र आतल्या नेटवर्कवरच आहे' हे उत्तर मला पटत नाही. त्याच कॉम्प्युटरवर दिवाणजी भावही बघतात, मेलही उघडतात. भलत्या पानावरचा कोड त्यांच्याच ब्राउझरमार्फत पेटीला हुकूम धाडू शकतो. म्हणून सेटिंग बदलणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत सर्व्हरने स्वतः दिलेलं टोकन परत मागावं. आणि घरून कॅमेरे बघायचे म्हणून राउटरवर पोर्ट उघडून दिलं असेल तर ते बंद करून व्हीपीएन लावावं.

केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीचे निकष २०२४ मध्ये अधिसूचित केले. एप्रिल २०२५ पासून ते लागू आहेत. ते कॅमेऱ्यांपुरते. शीतगृहाचा नियंत्रक त्यात येत नाही.