हात हलका, फेस भरपूर!

पाच पात्यांचा महागडा रेझर सोडून आजोबांच्या स्क्रूवाल्या रेझरकडे वळलेली हौशी मंडळी आता जगभर आहेत. कारण विचारा, पहिलं उत्तर येतं: काटकसर! गंमत म्हणजे हा रेझर जन्मला तो उधळपट्टीच्या कल्पनेतून. किंग कॅम्प जिलेट हे गृहस्थ बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीचे फिरते विक्रेते. बुचाचे संशोधक विल्यम पेंटर यांनी त्यांना कानमंत्र दिला: लोक वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असं काहीतरी काढ. त्यातूनच निघाला वापरून फेकायच्या ब्लेडचा हा रेझर. 1903 साली खपले अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेड. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांपुढे! याच जिलेटनी 1894 मध्ये धंद्यातल्या स्पर्धेविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं. नायगाराच्या विजेवर चालणारं एकच अवाढव्य शहर वसवा, असा त्यात आग्रह. शहर कागदावरच राहिलं, आणि ब्लेड घरोघरी पोचलं.

पण वापरलेलं ब्लेड टाकायचं कुठे? अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या कपाटाच्या पाठीला एक फट असे. ब्लेड त्यातून सरकवायचं, ते थेट भिंतीच्या पोकळीत! आज तिथे भिंत फोडली की गंजक्या ब्लेडांचा ढीग पायाशी येतो. कचऱ्याची इतकी निर्लज्ज सोय दुसरी नसेल.

केसापेक्षा ब्लेडचं पोलाद सुमारे पन्नास पट कठीण, तरी ते बोथट होतंच. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये कारण दाखवलं. धार झिजण्यापेक्षा तिचे बारीक टवके उडतात, तेही केस वाकून तिरपा कापला गेला तर. म्हणून आधी कोमट पाणी! भिजलेला केस मऊ पडतो, ब्रश त्याला उभा करतो आणि फेसावरून पातं घसरतं. रेझर साधारण तीस अंशांत धरायचा आणि दाबायचा अजिबात नाही. त्याचं वजन पुरतं.

ब्रशात मान बॅजरच्या केसांना. डुकराचे केस स्वस्त आणि राठ. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश बाजारात आले आणि इंग्लंड-अमेरिकेत काहींना दाढी करता करता अँथ्रॅक्स झाला.

आणि पात्यांची संख्या? 1975 मध्ये अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची टिंगल झाली. 1998 मध्ये तीन पात्यांचा रेझर खराखुरा दुकानात! विनोदी लेखकांनी जरा जपून लिहावं.

या हौशी लोकांच्या गप्पांत सोलिंगेनचे रेझर आणि जपानी फेदर ब्लेडांच्या जोडीला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सुपरमॅक्सचंही नाव निघतं. आपल्या सलूनवाल्यांनी तर वस्तऱ्याचं आणि ब्लेडचं, अशी दोन्ही युगं जोडलीत: तेच दुधारी ब्लेड कागदासकट मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवायचं.

परदेशात झकपक डबीतून विकली जाणारी तुरटी आपल्या न्हाव्याच्या धोकटीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्त थांबवते, शिवाय परीक्षकाचं कामही करते. दाढीनंतर ओल्या गालावर फिरवा. जिथे झोंबेल, तिथे हात जड पडला!