कपाट म्हणजे ग्रंथालय नव्हे

‘शाळेत ग्रंथालय हवं असा कायदाच आहे, म्हणजे ग्रंथपालही असणारच,’ असं पुष्कळ पालक धरून चालतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं, असं सगळं आहे. ग्रंथपाल मात्र नाही. महाराष्ट्रात हे पद माध्यमिक शाळांना मिळतं, तेही पटसंख्या पाहून पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कपाटाची किल्ली सहसा मुख्याध्यापकांकडे, आणि त्यांच्याच मागे पोषण आहारापासून ऑनलाइन माहितीपर्यंतची सगळी कामं.

याहून जास्त नुकसान करणारा समज म्हणजे ‘पुस्तकांची देवघेव काय, कोणीही करील.’ नोंदवही कोणीही भरेल, खरं आहे. पण तिसरीतलं एखादं मूल अजून अडखळत वाचतं. पहिलीचं पुस्तक दिलं तर ते वर्गात लाजतं, तिसरीचं दिलं तर दुसऱ्याच पानावर मिटून ठेवतं. त्याला वाक्यं छोटी, पण विषय त्याच्या वयाचा असं पुस्तक लागतं: विहिरीतला साप, क्रिकेट, भूत. घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलीला आधी चित्रं पाहून तिच्या भाषेत गोष्ट सांगू द्यावी, मराठी मजकुराकडे मग वळावं. हे जमायला पुस्तकं स्वतः वाचलेली असावी लागतात आणि मुलंही ओळखीची असावी लागतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा गाभा वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणं हाच होता.

‘मोबाईलवर सगळं मिळतं’ हेही ऐकू येतं. मिळतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनपातळीनुसार लावलेल्याही आहेत. त्यातून या मुलाला आज कोणती द्यायची, हे ठरवायला माणूसच लागतो.

गुणांशी याचा काय संबंध? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास आहे. शालेय ग्रंथालयात कर्मचारी आणि पुस्तकं जास्त, तिथे मुलांचे वाचनाचे गुणही जास्त, आणि कुटुंबांची परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. यातून कारण सिद्ध होत नाही. पण ग्रंथपालाला बिनमहत्त्वाचं म्हणणं अवघड होतं.

उरली भीती: पुस्तक फाटलं, हरवलं तर भरपाई कोण देणार? या धास्तीनंच कितीतरी कपाटं बंद राहतात. खरं तर केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाला हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच गहाळ होणं वाजवी मानलं आहे, निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर. हे नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू नाहीत. तरी वापरात काही पुस्तकं हरवणारच, हे सरकारी हिशेबालाही मान्य आहे. फाटलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करावं आणि समग्र शिक्षा योजनेच्या ग्रंथालय अनुदानातून त्याचीच नवी प्रत आधी मागवावी; मुलांनी सर्वांत जास्त वाचलेलं बहुधा तेच असतं.