फाइल पोचली, मालक पोचला का?

लिनक्सच्या एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फाइली नेणं बाहेरून अगदी सोपं दिसतं. पडद्यावर नावं सरकतात, टक्केवारी शंभरावर येते. यवतमाळातल्या एका शिक्षणसंस्थेचा जुना सर्व्हर रिकामा करताना मात्र माझा फारच थोडा वेळ प्रत्यक्ष कॉपीला लागला. बाकी सगळा गेला तो एकाच प्रश्नात: ही फाइल कुणाची, आणि ती कुणी उघडायची?

त्या यंत्रावर परीक्षा विभागाच्या गुणयाद्या होत्या, लेखा विभागाची पगारपत्रकं होती, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत आलेले उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले होते. राळेगाव, घाटंजी, झरी जामणीकडची पोरं तहसीलच्या चकरा मारून हे दाखले काढतात. नव्या यंत्रावर ते कुणालाही उघडता आले, तर एकही फाइल न हरवता सगळं काम बिघडलं असं मी समजतो.

जुनं यंत्र सेंटओएस 6 वर चालत होतं. त्या प्रणालीला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर 2020 मध्येच थांबलं होतं. नवा सर्व्हर उबंटूचा. खरी गोम इथेच. लिनक्स फाइलीसोबत मालकाचं नाव ठेवत नाही. तो ठेवतो एक क्रमांक, आणि गटाचा आणखी एक. नाव दाखवायची वेळ आली की त्या यंत्रावरच्या खात्यांच्या यादीत डोकावतो आणि क्रमांकासमोरचं नाव वाचून सांगतो. सेंटओएस 6 माणसांच्या खात्यांना 500 पासून क्रमांक देई, उबंटू 1000 पासून देतो. वेब सर्व्हरचं खातं तिकडे ‘अपाची’, क्रमांक 48. इकडे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, क्रमांक 33. आठ-अचा उतारा हाताळलेल्याला हे लगेच उमगेल. खाते क्रमांक 112 या गावात एकाचा असतो, शेजारच्या गावात दुसऱ्याचा. गाव सोडून नुसता क्रमांक सोबत नेला, तर जमीन भलत्याच्याच नावावर दिसायची.

आधी एक छोटं फोल्डर एससीपी या कॉपीच्या आज्ञेने नेऊन पाहिलं. ‘पी’ हा पर्याय दिला की एससीपी वेळ आणि परवानग्या जपतो. मालकी जपत नाही. संगणक कक्ष सांभाळणारा मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, “भाऊ, सगळ्या फाइली रूटच्याच दिसून राहिल्या.” बरोबर होतं त्याचं. कॉपी रूटने, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याने केली, म्हणून मालकही रूटच.

म्हणून कॉपीसाठी आरसिंक हे साधन घेतलं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत ते तयार केलं. फाइलीचा बदललेला भागच तेवढा पाठवायचा, ही त्याची मूळ कल्पना. भर मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि काम अर्ध्यात तुटलं, तरी पुन्हा तीच आज्ञा दिली की पोचलेल्या फाइली सोडून ते पुढे निघतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात याचं मोल कळतं.

आरसिंकच्या ‘ए’ पर्यायात परवानग्या, वेळा, गट, मालक हे सगळं येतं. पण मालक बदलायचा अधिकार रूटलाच असतो. साध्या खात्याला आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आज्ञा नव्या यंत्रावर रूट म्हणून दिली आणि जुन्यावरून फाइली ओढून घेतल्या. तिकडेही सगळं वाचता यावं म्हणून रूटच लागला. शिवाय या ‘ए’मध्ये एसीएल, म्हणजे एखाद्या खात्याला वेगळ्या दिलेल्या परवानग्या, येत नाहीत. परीक्षेच्या फोल्डरवर प्राचार्यांना फक्त वाचायची वेगळी मुभा दिलेली होती, ती एसीएलमध्येच होती. त्यासाठी कॅपिटल ‘ए’ वेगळा द्यावा लागतो; विसरलात तर कसलीही सूचना न येता ती मुभा गळून पडते.

सगळ्यात जास्त घोळ नाव आणि क्रमांकाचा. आरसिंक मुळात नावाने जुळवतं. समोर ते नाव नसलं तरच क्रमांक तसाच ठेवतं. ‘न्यूमेरिक-आयडीज’ दिलं की नावाकडे बघतच नाही. अख्खं यंत्र खात्यांच्या यादीसकट हलवायचं असेल, तर तेच हवं. इथे मात्र त्याने नुकसान झालं असतं. चाचणीत परीक्षा विभागाच्या फाइलींवर मालकाच्या जागी नुसतं 503 उमटलं. आज त्या क्रमांकाचं कुणी नाही, पण उद्या एखाद्या सेवेच्या खात्याला तो मिळू शकतो आणि गुणयाद्या त्याच्या होतात. म्हणून आधी नव्या यंत्रावर त्याच नावांची खाती आणि गट उघडले, मग नावाने जुळवून कॉपी केली. ‘अपाची’साठी ‘यूजरमॅप’ आणि ‘ग्रुपमॅप’ वापरून नवं नाव सांगितलं. ही आज्ञा खरी चालवण्याआधी ‘एन’ देऊन कोरडी चालवली आणि काय बदलणार ते ओळ न् ओळ वाचलं. हा वेळ मी कधीच वाचवत नाही.

शेवटी दोन्ही यंत्रांवर प्रत्येक फाइलीचा मालक, गट आणि परवानगी यांची यादी काढून त्या याद्या एकमेकींशी ताडल्या. फोल्डरांच्या 2770 या परवानगीच्या आकड्यातला तो पहिला 2 मी मुद्दाम शोधतो. तो असला की आत तयार होणारी नवी फाइल फोल्डरच्याच गटाची होते. तो गेला, तर तयार करणाऱ्याच्या स्वतःच्या गटाची होते आणि शेजारी बसणाऱ्याला उघडत नाही. जुन्या फाइली ठीक असल्याने हे लवकर लक्षातही येत नाही.

याद्या जुळल्या. वेगळे दिसले ते फक्त वेब सर्व्हरचे मालक आणि गट, जे आम्हीच बदलले होते. मग त्या मुलाला ग्रंथालयाच्या खात्यातून शिष्यवृत्तीचं फोल्डर उघडायला सांगितलं. परवानगी नाकारली गेली. प्राचार्यांच्या खात्यातून गुणयादी उघडली, पण बदल जतन होईना. दोन्ही तपासण्या वहीत नोंदवून आम्ही लेखा विभागाकडे वळलो.