मॅगेनिने
आफ्रिकेतील झेनोपस लीव्हिस या बेडकाच्या त्वचेत आढळणारी सूक्ष्मजंतुरोधी पेप्टाइडे. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये त्यांचा शोध लावला व ‘ढाल’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना हे नाव दिले. काही प्रकारच्या कर्ककोशिकाही त्यांच्यामुळे नाश पावतात, असे १९९१ मध्ये दिसून आले.

मॅगेनिन–२ मध्ये २३ ॲमिनो अम्ले असतात. पाण्यात त्याच्या रेणूला निश्चित आकार नसतो. कोशिकापटलाला भिडल्यावर मात्र त्याचे मळसूत्र बनते. त्याची एक बाजू जलस्नेही व धन विद्युत् भारित, तर दुसरी जलद्वेषी असते. निरोगी कोशिकेत फॉस्फॅटिडिल सेरीन हे ऋण विद्युत् भारित लिपिड पटलाच्या आतील थरात राखलेले असते. कर्ककोशिकांत त्याचा काही भाग बाहेरील थरात येतो व पेप्टाइड तिकडे ओढले जाते. पुरेसे रेणू जमले म्हणजे लिपिडांचा थर वाकून अल्पजीवी छिद्रे पडतात, त्यांतून आयने वाहू लागतात आणि कोशिका मरते. आरशातील प्रतिबिंबासारख्या ॲमिनो अम्लांचे मॅगेनिनही जंतूंवर जवळजवळ तितकेच परिणामकारक ठरते; म्हणजे येथे कुलूप-किल्लीप्रमाणे जुळणाऱ्या ग्राहीची गरज नसते.

ही निवडकता अर्थात सापेक्षच होय. मरणोन्मुख कोशिका व सक्रिय झालेले बिंबाणू यांच्यातही हे लिपिड बाहेर येते. शिवाय रक्तातील प्रथिनविघटक एंझाइमे पेप्टाइडांचे तुकडे करतात. म्हणूनच अशा प्रकारची काही कृत्रिम पेप्टाइडे थेट अर्बुदात टोचून त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या आहेत.