हैदराबादहून गाडी आणताना

नांदेड, देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर. आमच्या या पट्ट्यात सोयरीक जशी सीमेपलीकडे आहे, तशी खरेदीही आहे. कोणाची बहीण निजामाबादला दिलेली, कोणाचे मामू हैदराबादेत, कोणाचे दुकान बीदरला. त्यामुळे जुनी कार किंवा माल वाहायचा छोटा टेम्पो घ्यायचा ठरला, की पहिला फोन तिकडेच जातो. "तिकडे गाडी स्वस्त मिळते," हे आम्ही सगळेच ऐकत आलो आहोत. स्वस्त मिळतेही. पण व्यवहाराचा हिशेब गाडीच्या किमतीवर संपत नाही.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नव्या गाडीवरचा हा कर हैदराबादेत आणि नांदेडात सारखाच. वेगळा असतो तो राज्याचा वाहन कर, म्हणजे आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल कारवर तो ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के. तेलंगणात किंवा कर्नाटकात एकदा कर भरला म्हणून इथला माफ होत नाही. जुन्या गाडीला वयानुसार कमी लागतो, पण लागतो. म्हणून सौदा ठरवण्याआधीच आरटीओत जाऊन आकडा विचारावा.

आता कागद. ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथून ना-हरकत दाखला, म्हणजे एनओसी घ्यायची. तिचा अर्ज नमुना २८. मालकी बदलासाठी नमुने २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५. नव्या नंबरसाठी नमुना २७. नांदेडला एमएच २६, लातूरला एमएच २४.

पुष्कळजण सांगतात, "बाहेरच्या नंबरवर वर्षभर गाडी चालते." मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांची मुदत आहे खरी, पण ती फक्त नंबर बदलण्यापुरती. कराचा कायदा वेगळा आहे. आणि गाडी विकत घेणाऱ्याने मालकी बदलाची खबर तीस दिवसांत आपल्या आरटीओला द्यायची असते. विम्याची पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवस.

हे टाळले तर काय होते? गाडी तुमच्या दारात, पण कागदावर मालक हैदराबादचा. अपघात झाला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी पुढे किती हात बदलून गेली हे पाहिले जाणार नाही. म्हणजे भरवशावर गाडी देणाऱ्या मामूंच्या दारात नोटीस जायची. नात्यात असे व्यवहार सर्रास होतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. कोऱ्या नमुन्यावर सही घेणे किंवा देणे, दोन्ही टाळा.

आमचे सांगणे एवढेच. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चासी आणि इंजिनचा नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. थकलेले चलन, कर आणि कर्ज तपासा. गाडीची किंमत, इथला कर, एजंटचा खर्च आणि येण्याजाण्याचे भाडे एका कागदावर लिहून बेरीज करा. बेरजेनंतरही स्वस्त पडत असेल, तर खुशाल आणा.