धोंड्याचा धडा तळ्याकाठी

मिहान प्रकल्प म्हटला की मालवाहतुकीची विमाने, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार एवढेच नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु या परिसरातील खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावे सरकारदफ्तरी केवळ जमीनमहसुलाचा विषय होती, त्या काळापासून तेथील तलाव, नाले व शेतातली डबकी यांच्या आश्रयाने जो पाणसाप नांदत आला, त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात झालेली नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये या परिसरात वाघ फिरकला, तेव्हा वनखात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांचीच धावपळ उडाली. पाणसाप दिसला, तर त्याच्या वाट्याला काठी तेवढी येते.

कोठे विरोळा, कोठे पाणदिवड, तर विदर्भात धोंड्या म्हणून ओळखला जाणारा हा साप बिनविषारी असून, पाठीवरील बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे आणि डोळ्यापासून मागे गेलेल्या दोन काळ्या रेघा यांवरून तो ध्यानात येतो. तथापि डिवचला असता तो मान चपटी करून नागाचा आव आणतो, तत्परतेने चावतोही. आणि हा बचावाचा बहाणाच पुष्कळदा त्याच्या जिवावर बेततो.

शाळेतील सर्पशिक्षण बहुधा नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी जातींपाशी सुरू होऊन तेथेच संपते. भयाचे निवारण करण्यासाठी ते आवश्यक आहे, यात संशय नाही. परंतु सापाचे निसर्गातील प्रयोजन शिकवावयाचे, तर धोंड्यासारखा सहजी आढळणारा गुरू नाही. मासे, बेडूक व त्यांची पिल्ले हे त्याचे भक्ष्य. बगळे, शिकारी पक्षी आणि मुंगूस यांचे तो भक्ष्य. विद्यार्थ्यांना तेल्हाऱ्याच्या तळ्याकाठी सुरक्षित अंतरावर उभे करून ही साखळी त्यांच्याच निरीक्षणातून वहीत उतरविली, तर पाठ्यपुस्तकातील अन्नजाळ्याची निर्जीव आकृती त्यांच्यापुढे सजीव होईल.

या पाठाचे मर्म मात्र पाण्यात नसून काठावर आहे. धोंड्याचे आयुष्य जलाशयात जात असले, तरी त्याची मादी अंडी घालते ती जमिनीवर, काठच्या बिळांत आणि मातीच्या भेगांत. एका वेळी साधारणतः ३० ते ७० अंडी घालून ती त्यांच्यापाशी थांबतेही. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली तलावाचा काठ सिमेंटने बांधून काढला, की पाणी काठोकाठ राहूनही या प्राण्याचे सूतिकागृह नाहीसे होते. सापाला फुप्फुसानेच श्वास घ्यावा लागत असल्यामुळे, मासेमारीच्या नायलॉनच्या जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलेला धोंड्या गुदमरून मरतो. तो मासे फस्त करतो ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. पण भक्षकाचे प्रयोजन शिकवताना ही तक्रारही वर्गात चर्चेला यावी, ती दडपू नये.

दोन गोष्टींविषयी शिक्षकांनी निःसंदिग्ध असावे. पहिली, साप हाताळून दाखविणे म्हणजे सर्पशिक्षण नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्याचा खेळ मांडणे तर मुळीच नव्हे. दुसरी, ओळखीचा अभिमान घातक असतो. देशात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार मृत्यू होतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०३०पर्यंत ही संख्या निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२४मध्ये जाहीर केला. म्हणून साप कोणताही चावो, 'धोंड्याच असेल' असे म्हणून घरी बसू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. जखम न कापता, न चोखता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे.

मिहानचा विकास थांबावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु विकासाच्या आराखड्यात तलावाच्या क्षेत्रफळाबरोबर त्याच्या मातीच्या, झुडपी काठाचीही रीतसर नोंद व्हावी, आणि परिसरातील शाळांनी पावसाळ्यानंतर वर्षातून निदान एक तास त्या काठावर भरवावा, एवढी मागणी अवाजवी नाही. काठ राखला, तर धोंड्याचे रक्षण करण्यासाठी निराळ्या बंदोबस्ताची गरज फारशी उरणार नाही.